निकाल आधी सांगायचा नाही

रविवार, ७ सप्टेंबर

ताई,

नमस्कार, इकडे सगळं ठीक, तिकडेही असावं, वगैरे जे लिहायचं असतं ते लिहिलं असं समज. तू फोन उचलत नाहीस. भाचीला फोन केला की ती म्हणते, "मावशी, आई अंघोळीला गेलीय." म्हणजे अख्खा पावसाळा तू अंघोळ करते आहेस. एवढी स्वच्छ बाई आपल्या घराण्यात दुसरी झाली नाही. म्हणून हे पत्र. पत्राला कुणी अंघोळीची थाप मारू शकत नाही.

काल सीझनचा पहिला सामना झाला. तुझ्या खुर्चीवर मी माझी पिशवी ठेवली होती. मागच्या रांगेतून मुकादमांनी विचारलं, "आपला हॉर्न कुठाय?" मी म्हटलं, लेकीकडे गेलाय, येईल. पुढच्या रांगेतल्या पेंटरनं वळून पाहिलं. त्या दिवशी तो तुझ्या अगदी पुढ्यात होता, त्याला सगळं ठाऊक आहे.

मला अजून राग आहे, तो लपवणार नाही. मे महिन्यातला शेवटचा सामना, शेवटची मिनिटं, आपला गोल. स्टँडातला आपला अख्खा कोपरा उभा राहिला. मुकादमांचा चष्मा उडाला. कोण कुणाला मिठी मारतंय याचा पत्ता नाही. आणि तू बसलेली. मला वाटलं तुला चक्कर आली. मी वाकून बघितलं तर तू मला शांतपणे म्हणालीस, "अगं, आत काही हललंच नाही. मागच्या वर्षभरात एकदाही हललं नाही. संपलं बहुतेक." एवढं बोलून तू पर्स उचललीस आणि निघालीस. आठवड्याभरात लेकीच्या गावाला. बाकी सगळे राहू दे, मला तरी नीट सांगून जायचं होतंस.

ज्या बाईच्या आवाजाला रेफ्री दचकायचा तिनं असं करावं? बसचा हॉर्न बिघडला तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून नुसत्या घशावर तू बाजारपेठ पार केली होतीस. डेपोत ती गोष्ट अजून सांगतात. कोपऱ्यात तू "चलाऽऽ" म्हटल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. काल मुकादमांनी प्रयत्न केला. त्यांना ठसका लागला.

असो. सामना सांगते, आईच्या नियमानं. भाची शेजारी बसून वाचत असेल तर तिला कळू दे म्हणून लिहिते: तुझी आजी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती आणि शनिवारची तिची पाळी कधी सुटली नाही. संघावर जीव एवढा की विचारू नकोस, पण सामना बघणं नशिबात नव्हतं. म्हणून ती आम्हा दोघींना पाठवायची आणि संध्याकाळी पाय कोमट पाण्यात सोडून म्हणायची, "हं, सांगा. पहिल्यापासून. निकाल आधी सांगायचा नाही." आम्ही जिंकून आलो तरी रस्त्यातून तोंड पाडून चालायचो, हरलो तरी हसत, तिला दारातून अंदाज येऊ नये म्हणून. शेवटच्या शिट्टीपर्यंत पोचलो की मग ती पाण्यातून पाय काढायची.

तर कालचं असं. पहिला अर्धा वेळ दोन्ही संघ एकमेकांना घाबरून होते. मग आपल्या बुटक्यानं उजवीकडून असा एक चेंडू काढला की त्यांचा बॅक उलट्या दिशेला पळाला. गोल. हाफटाइमनंतर त्यांनी परतफेड केली, आणि शेवटी कॉर्नरवरून कुणाच्या तरी पाठीला लागून चेंडू आत गेला. ज्याच्या पाठीला लागला तो असा मिरवत होता, जणू पाठीला डोळे आहेत. दोन-एक. आपण जिंकलो.

आता तरी फोन उचल.

धाकटी

सोमवार, २२ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी पण आईचीच मुलगी आहे, माझा हट्ट तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असला तरी उंचीला सारखाच आहे.

पेंटर येईनासा झाला. परवा माझ्या दुकानाशी आला होता. मी काचेआड कापडाला माप लावत होते. आत आला, गठ्ठ्यावर बसला आणि म्हणाला, "हॉर्न गेली तेव्हा मला वाटलं, बाई दमली. मग माझ्या लक्षात आलं, मी पण दमलोय. ती बोलली एवढंच." एवढी वर्षं कोपऱ्यातला प्रत्येक फलक त्यानं रंगवला. आता क्लबचे छापील फलक येतात, खुर्चीवर आधीच ठेवलेले असतात. कधी उचलायचे ते पडद्यावर दाखवतात. ढोलाचा आवाजही लाउडस्पीकरमधून येतो. "ओरडायचं कधी हे सांगायला यंत्र ठेवलंय," पेंटर म्हणाला, "मग आपण कशाला?"

मी त्याला चांगला झापला. म्हटलं, सुखात सगळेच येतात. मुकादमांकडे बघा. गुडघे गेलेत, मैदान नवं झालं, पायऱ्या दुप्पट झाल्या, टीव्हीवाल्यांच्या सोयीसाठी सामन्याची वेळ भलतीकडेच गेली, तरी म्हातारा येतो. मफलर सरळ करतो, संघ मैदानात आला की टोपी काढतो. मला त्यांचं फार कौतुक आहे. पेंटर म्हणाला, "मला पण आहे. म्हणून काही मला नवे गुडघे फुटणार नाहीत." आणि चहा पिऊन गेला.

शनिवारचा सामना सांगते. खरं तर सांगण्यासारखा फारसा नव्हता. समोरच्या बाजूला त्या बड्या लोकांच्या काचेच्या खोल्या आहेत ना, तिथे नवीन पडदे लावलेत. ताई, काय सांगू तुला. एवढं भारी कापड आणि चुण्या अशा घातल्यात की एकीकडे दाटीवाटी आणि दुसरीकडे टक्कल. खालच्या शिवणीत वजनाची पट्टी घातलेलीच नाही, त्यामुळे काच सरकवली आणि वाऱ्याचा झोत आला की पडदा फुगतो. कुणी शिवले असतील देव जाणे. दुसरा अर्धा वेळ माझा त्याच्यातच गेला. शून्य-शून्य झाला.

मी थकलेबिकलेली नाही. डोळ्यांसमोर वाईट शिवण आली की मला राहवत नाही, एवढंच.

मुकादम विचारत होते, तुझी खुर्ची त्यांच्या पुतण्याला चालेल का. मी पिशवीवर हात ठेवून नाही म्हटलं.

धाकटी

रविवार, १२ ऑक्टोबर

ताई!

तुझं कार्ड आलं! तीन ओळी लिहिल्यास, त्यातली एक गुडघ्यांवर खर्च केलीस, तरी चालेल. "सामने लिहून पाठवत जा, वाचते." बस्स, मला तेवढं पुरे. कार्ड मी शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर टेकवून ठेवलंय. गिऱ्हाईक विचारतात, कुणाचं? मी म्हणते, आमच्या हॉर्नचं.

आता नीट बस आणि ऐक. काल वारा सुटला होता. चेंडू हवेत गेला की कुठं उतरेल याचा नेम नव्हता. त्यांचा संघ पांढऱ्या कपड्यांत, उंच उंच पोरं. पहिल्याच धडाक्यात त्यांनी आपल्याला गोलाशी दाबून धरलं आणि मग आपल्या गोलीनं, खांबानं, काय काय केलं ते बघायला तू हवी होतीस. हा त्याचा शेवटचा सीझन. केस गेले, कंबर आखडली, उडी आता पूर्वीची नाही. पण तो उडतच नाही. चेंडू येणार तिथे आधीच जाऊन उभा असतो. तू नेहमी म्हणायचीस ना, "बाकीचे गोली चेंडू अडवतात, हा वाट अडवतो." काल ते मला दिसलं. एकदा तर त्यांच्या पुढच्या माणसानं पाय मागे घेतला, समोर खांब पाहिला, आणि पाय तसाच खाली ठेवून दिला. मारलाच नाही.

पण वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं? एक उंच चेंडू वाऱ्यात वळला आणि आत. एक-शून्य. मग हाफटाइमनंतर आपला बुटका पेटला. तीन जणांना बगल देऊन त्यानं चेंडू मागे ठेवला आणि आपल्या मधल्यानं तो असा हाणला की जाळी मागच्या जाहिरातीवर आपटली. एक-एक. आणि शेवटी, सगळे घड्याळ बघत असताना, आपल्या बॅकचा हात लागला. पेनल्टी. आपल्याविरुद्ध.

मुकादम मागे काहीतरी पुटपुटत होते. खांब रेषेवर उभा राहिला. हात नाही हलवले, नाचला नाही, काही नाही. नुसता उभा. त्याला तसं बघताना मला एकदम आई आठवली. कारखाना सुटल्यावर तिला आपण पहिल्यांदा सामन्याला नेलं होतं, आठवतंय? इस्त्रीचं पातळ, नवीन चपला, तिकीट मुठीत. दोघींच्या मध्ये बसली आणि पूर्ण वेळ अशीच ताठ, हात मांडीवर. आपण जिंकलो, आपण नाचलो, ती तशीच. घरी येताना तू विचारलंस, "आई, कसा वाटला?" तर म्हणाली, "बरा होता. पण तुम्ही सांगता तो जास्त चांगला असतो." तू रस्त्यात मटकन खाली बसून हसलीस. परत तिनं कधी तिकीट मागितलं नाही. आपल्यालाच पाठवायची. दारात उभी राहून म्हणायची, "नीट बघा गं, मला सांगायचंय तुम्हाला." मला कधी कधी वाटतं, आपण दोघी एवढं नीट बघायला शिकलो ते तिच्यामुळे. आणि तू तर काय बघायचीस! सगळे चेंडूकडे बघत असताना तू ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे बघायचीस, आणि घरी येऊन आईला तोच माणूस उभा करून दाखवायचीस. माझ्याकडून आई गोल ऐकायची आणि तुझ्याकडून सामना. मला तेव्हाही त्याचा हेवा वाटला नाही, अभिमानच वाटायचा.

बरं, दुकान उघडायचंय. एका शाळेच्या स्टेजचे पडदे आलेत. तुझ्या गुडघ्यांना सांग, मावशीनं विचारलंय.

धाकटी

गुरुवार, ३० ऑक्टोबर

ताई,

तुझं मोठं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी हसले की दुकानातली मुलगी पाणी घेऊन आली. तू पोहायला शिकते आहेस! या वयात, टोपी घालून! म्हणजे भाची थापा मारत नव्हती, तू खरंच पाण्यात होतीस. आपल्या घराण्यात डबक्याला घाबरून रस्ता बदलणारी तू, आणि तू खोल बाजूला उतरलीस? मी असते तर काठावरूनच माझी पाचावर धारण बसली असती. शिकवणारी पोरगी तुला म्हणते, "आजी, पाण्याशी भांडू नका," आणि तू तिला म्हणतेस, "मी सगळ्यांशीच भांडते, पाण्याला वेगळी वागणूक का?" वा गं माझी बाई.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र थांबले. चार पानांत सामन्याबद्दल एक अक्षर नाही. मी मागच्या वेळी पेनल्टीपर्यंत आणून सोडलं होतं, पुढे लिहिलंच नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. खांबानं अडवली की आत गेली? आईनं आपल्याला घराबाहेर काढलं असतं. निकाल आधी सांगायचा नाही हा नियम होता, निकाल सांगायचाच नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि तूही विचारलं नाहीस. तू, जी पूर्वी पेनल्टीच्या आधी श्वास धरून ठेवायचीस!

म्हटलं, आता तरी लिहून टाकू. पेन उचललं आणि ताई, मला आठवेना. मी समोर होते, उघड्या डोळ्यांनी बघत होते, आणि मला आठवेना की चेंडू कुठे गेला. मुकादमांना फोन करून विचारलं. ते हळूच म्हणाले, "अडवली. उजवीकडे. एक-एक सुटला." त्यांना कळलं. चांगला माणूस आहे.

तेव्हा ऐक. मलाही आत काही होत नाही. पडद्यांच्या चुण्या, पेंटर, थकलेबिकलेली नाही, हे सगळं मी तुला नव्हे, स्वतःला लिहीत होते. केव्हापासून ते मला सांगता येत नाही. एवढं ठाऊक आहे की तुझ्याशेजारी बसून मी तुझ्या आनंदावर चालले होते. तुझा संपला आणि माझी गाडी उतार होता तोवर गेली.

मे महिन्यातला राग आता उतरला. उलट आता वाटतं, केवढी हिंमत! हजारो माणसं उभी, सगळीकडे आरडाओरडा, आणि एक बाई बसून राहते, कारण तिला खोटं उठायचं नाही. आम्ही सगळे सवयीनं उठत होतो. प्रेम केलंस तेव्हा गल्लीभर ओरडून केलंस, आणि संपलं तेव्हा संपलं म्हणालीस. कळल्यावर पुढे नाटक एका दिवसाचं नाही. मला ते जमलं नसतं. जमलंच नाही.

पण मला भीती वाटते, ताई, ती सरळ लिहिते. फुटबॉल गेला तर आपल्या दोघींमध्ये राहतं काय? भावजी गेले त्या संध्याकाळी मी धावत आले, तर तू दारात मला बघून म्हणालीस, "लेफ्ट बॅकला काढला का गं?" मी म्हटलं, "काढला." आणि आपण बसून लेफ्ट बॅकवर बोललो, लोक भेटायला येईपर्यंत. माझ्या घरातला माणूस बॅग भरून निघून गेला त्या आठवड्यात तू रोज आलीस आणि रोज आपण रेफ्रीला शिव्या दिल्या. मी तेव्हा त्यानंच तगले, खोटं नाही. पण आपण त्याशिवाय कधी बोललोच नाही. आता ते नसेल तर आपण फक्त लग्नाकार्यात भेटणाऱ्या बहिणी होऊ. "कशी आहेस? बरी. तू? बरी." ते मला सहन होणार नाही.

तुझ्या मनात काय आहे ते लिही. पोहण्याचं लिही, पण हेही लिही.

धाकटी

बुधवार, १२ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं. "मूर्ख आहेस" अशी सुरुवात पाहूनच जीव भांड्यात पडला.

तू लिहितेस, फोन उचलत नव्हतीस ते रागानं नाही, फोन उचलून काय बोलायचं ते सुचत नव्हतं म्हणून. "सामना सोडला तर धाकटीशी बोलायला माझ्याकडे दुसरा विषय नाही, असं वाटायचं आणि फोन वाजून वाजून बंद झाला की सुटल्यासारखं व्हायचं, मग रडू यायचं." मी हे वाचलं आणि कात्री खाली ठेवली. म्हणजे आपण दोघी दोन गावांत बसून एकाच भुताला घाबरत होतो!

या शनिवारी सामना आहे. मी जाणार नाही. तुझी आणि माझी, दोन्ही खुर्च्या मुकादमांच्या हवाली केल्या. त्यांचा पुतण्या आणि त्याची बायको बसतील. नुकतंच लग्न झालंय, गोल झाला की दोघं उड्या मारतात. मारू देत, छान दिसतात. मुकादमांना वाईट वाटलं. म्हणाले, "मला अजून होतं गं, काय करू." मी म्हटलं, "होऊ दे, नशीबवान आहात," आणि ते मी अगदी मनापासून म्हटलं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे येते. विषय काही आणणार नाही. नाही सुचलं तर गप्प बसू.

धाकटी

सोमवार, १७ नोव्हेंबर

ताई,

पोचले. डबा धुऊन ठेवलाय, पुढच्या वेळी आणते.

स्टेशनवर आपली जी गंमत झाली ती आठवून गाडीत एकटीच हसत होते. "गाडीला गर्दी होती?" "नव्हती." "बसायला मिळालं?" "गर्दी नव्हती म्हटलं ना!" आणि मग तलावापर्यंत दोघी मुक्या. मला वाटलं, झालं, भीती खरी ठरली.

मग तू पाण्यात उतरलीस. हसू येईल म्हणून मी आधीच ओठ दाबून बसले होते, पण हसू आलंच नाही. मान वर, तोंड वाकडं, नाकपुड्या फुगलेल्या, हात असे मारत होतीस जणू वळणावर स्टिअरिंग अडकलंय. मध्यावर तू बुडालीस, एकदा, सबंध. वर आलीस, खोकलीस, ती पोरगी काठी पुढे करत होती ती ढकललीस आणि पुढे निघालीस. पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हा मला कळलं की मी श्वासच घेतला नव्हता. इतक्या वर्षांत मी तुझ्यासारखी बाई बघितली नाही. तोंडावर म्हणायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आणि नंतर कपडे बदलायच्या खोलीत, ओल्या बाकावर. मी तुझे केस पुसत होते, तुझी पाठ माझ्याकडे होती. म्हणून बोलता आलं असेल तुला. भावजींनी त्या दुपारी हॉस्पिटलमधून तुला पिटाळलं होतं, "जा, तुझी बस खोळंबेल," म्हणून. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला तुला ते गेल्याचा निरोप मिळाला. बस माणसांनी भरलेली, बदली ड्रायव्हर यायला वेळ. तू परतीची फेरी पूर्ण केलीस. प्रत्येक स्टॉपवर थांबलीस, दार उघडलंस, एका म्हाताऱ्याला उतरायला वेळ दिलास, एका बाईनं सुट्ट्या पैशांवरून वाद घातला तो ऐकून घेतलास. डेपोत बस लावलीस, हँडब्रेक ओढलास आणि मग उतरलीस. कुणाला कळलं नाही. त्यानंतर तू घरी आलीस आणि मी दारात आले तेव्हा लेफ्ट बॅकचं विचारलंस.

एवढी वर्षं मला वाटत होतं, मी तुला ओळखते. ताई, मी हात थांबवले नाहीत, केस पुसतच राहिले, पण आत इतकं काही हललं की तो टॉवेल मला दिसेनासा झाला.

येत्या शनिवारी पुन्हा येते, त्याच गाडीनं. माझा नवरा घर सोडून गेला तेव्हा उंबऱ्यावर थांबून मला एक वाक्य बोलला होता. ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगणार आहे.

धाकटी